डबी उघडण्याचा हक्क

पावसाळ्यातील एखाद्या रविवारी राजमाचीच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर उभे राहिले, तर येणाऱ्याजाणाऱ्या तरुणांपैकी कोणाच्या छातीवर, कोणाच्या हेल्मेटवर एक लहानशी काळी डबी बसवलेली हटकून दिसते. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आकार मुठीत मावेल एवढा. पाण्यात बुडवा, चिखलात आपटा, ती आपले काम सोडीत नाही. ‘ॲक्शन कॅमेरा’ हे तिचे नाव. या डबीला जगभर बाजार मिळवून दिला तो प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील गोप्रो या कंपनीने. २००२ साली स्थापन झालेल्या या कंपनीने आपल्या कॅमेऱ्यांना नाव दिले ‘हीरो’. जाहिरातींतून दिसणारा माणूसही तसाच असतो. लाटेवर स्वार झालेला, कड्यावरून झेप घेणारा, एकटा आणि कोणाचाही मिंधा नसलेला. डबी विकत घेणाऱ्याला या एकट्या वीराच्या पंक्तीत बसल्याचे समाधान मिळते.

या कॅमेऱ्यातून जग पाहणारे लाखो आहेत. कॅमेऱ्याच्या आत पाहणारे मात्र थोडे. वस्तुतः एखादी वस्तू कोणी घडवली, कोणासाठी घडवली आणि विकल्यानंतरही तिच्यावर कोणाची सत्ता चालते, हे सारे तिच्या पोटात लिहिलेले असते. समाजवादी चळवळीने कारखान्याच्या मालकीचा प्रश्न शंभर वर्षे मांडला, आणि तो योग्यच होता. परंतु कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूची रचना ही केवळ अभियंत्यांची बाब आहे, असे गृहीत धरून तिच्याकडे दुर्लक्ष केले. मालकी केवळ कागदावर नसते. ती वस्तूच्या रचनेतही बसवलेली असते, हे ही डबी उघडली की कळते.

डबीच्या पोटात

डबी उघडणे हेच मुळात अवघड काम. समोरचे आवरण चिकटवलेले असते. गरम हवेचा झोत देऊन गोंद सैल करायचा, पातळ पाते घालून आवरण उचलायचे, मग आतले बारीक स्क्रू काढायचे आणि कागदाहून फार जाड नसलेल्या पट्ट्यांच्या जोडण्या एकेक करून सोडवायच्या. हात जरा चुकला की पट्टी तुटते आणि कॅमेरा निकामी होतो.

प्रथम लागते भिंग. ते विशालकोनी असते व त्याचे नाभीय अंतर सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे फारच कमी असते. त्यामुळे हाताच्या अंतरावरील वस्तूपासून क्षितिजापर्यंत सारेच पुरेसे स्पष्ट दिसते आणि भिंग पुढेमागे सरकवणारी मोटार लागत नाही. जे हलत नाही ते आपटल्याने सहसा मोडत नाही. या कॅमेऱ्याच्या दणकटपणाचे पहिले रहस्य हेच, आणि ते खरोखर कौतुकास्पद आहे.

भिंगामागे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा संवेदक असतो. बहुतेक मॉडेलांत त्याची रुंदी सहा-सात मिलिमीटरच्या घरात असते. त्या एवढ्याशा तुकड्यावर एक कोटीहून अधिक प्रकाशबिंदू कोरलेले असतात. ज्याला बाजारात ‘फोर-के’ म्हणतात त्या चित्राच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला साठ चौकटी घ्यायच्या म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बिंदूंचा हिशेब आला. प्रत्येक बिंदू बारा बिटांनी मांडला, तर सेकंदाला सुमारे ६०० कोटी बिटांचा लोंढा वाहू लागतो. एवढा मजकूर नखाएवढ्या स्मृतिपत्रावर लिहिणे व्यवहार्य नाही. म्हणून शेजारची मुख्य चिप तो दाबून, पिळून सेकंदाला सुमारे दहा कोटी बिटांपर्यंत आणते. साठ भागांतील एकोणसाठ टाकून द्यायचे आणि पाहणाऱ्याला मात्र काही गेले असे वाटू द्यायचे नाही, असे हे काम आहे.

या कामात चिप तापते. साधारण तीन वॅट वीज त्या चिमुकल्या पेटीत जळते. संगणकात असतो तसा पंखा येथे बसवता येत नाही; पंख्याला छिद्र हवे आणि छिद्रातून पाणी येते. म्हणून चिपच्या अंगाला धातूचा पत्रा लावून उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत आणली जाते आणि पुढचे काम वाऱ्यावर वा पाण्यावर सोपवले जाते. धावत्या मोटारसायकलवर हा कॅमेरा नीट चालतो. उन्हात एका जागी ठेवला की तापून स्वतःच बंद पडतो. पाणी, उष्णता आणि धक्का या तीन शत्रूंशी एकाच वेळी करावी लागणारी तडजोड हीच या रचनेची सारी कथा.

आणखी एक सूक्ष्म घटक पाहण्यासारखा आहे. सिलिकॉनचा एक कण सेकंदाला हजारो वेळा कंप पावत असतो. कॅमेरा वळला की तो कण किंचित बाजूला ढकलला जातो. हे तत्त्व गास्पार कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली मांडले होते. या ढकलण्यावरून कॅमेरा किती व कोठे हलला हे मोजता येते. चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेली चौकट उलट दिशेला सरकवली की धावत्या माणसाने घेतलेले चित्रही स्थिर दिसते. गोप्रोने २०१८ च्या ‘हीरो ७’ मध्ये ही सोय ठळकपणे आणली, आणि प्रेक्षकांना वाटले की जादू झाली.

कोणाची बुद्धी, कोणाचे श्रम

ही जादू कोणाची? कंपनीच्या कथेत तिचे संस्थापक निक वुडमन हे लाटांवर खेळणारे तरुण आहेत. आपले छायाचित्र आपणच घ्यावे या इच्छेतून त्यांनी हा कॅमेरा निर्माण केला, असे सांगितले जाते. इच्छा खरी असेल आणि ती ओळखण्यातील चतुराईही खरी. परंतु २००४ साली विकलेला पहिला ‘हीरो’ साधा ३५ मिलिमीटर फिल्मचा होता आणि तो एका चिनी उत्पादकाने बनवलेला होता. पुढे जो अंकीय कॅमेरा आला, त्याच्या प्रत्येक अवयवाची वंशावळ पाहिली की ती खाजगी गॅरेजात नव्हे, तर सार्वजनिक प्रयोगशाळांत आणि खुल्या विद्यापीठीय संशोधनात पोहोचते.

संवेदक घ्या. आज सर्वत्र वापरला जाणारा सीमॉस संवेदक आजच्या रूपाला आला तो १९९० नंतरच्या काही वर्षांत, अमेरिकेच्या अंतराळसंस्थेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत, एरिक फॉसम यांच्या गटाच्या कामातून. यानावरचे कॅमेरे हलके व कमी विजेवर चालणारे हवेत, म्हणून करदात्यांच्या पैशातून हे संशोधन झाले. त्याला लागणारी प्रकाशग्राही रचना जपानमधील एनईसी कंपनीत नोबुकाझू तेरानिशी यांनी १९८० च्या सुमारास सिद्ध केली होती. सिलिकॉनवरील सूक्ष्म कंपमापकाचे आरंभीचे काम मॅसॅच्युसेट्समधील ड्रेपर प्रयोगशाळेत झाले; तिला मोठा आधार लष्करी निधीचा होता. लिथियम बॅटरीचा एक मूलभूत टप्पा १९८० साली ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या मार्गदर्शनाखाली ओलांडला गेला.

चित्र दाबून लहान करण्याच्या गणिताची कथा तर आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. या गणिताचा पाया असलेले ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे रूपांतर मांडले नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी. नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला होता. तो नाकारला गेला. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि जानेवारी १९७४ मध्ये ते एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ज्याला वाचता येईल त्याने घ्यावे असे ते खुले ज्ञान होते. आजही प्रत्येक ॲक्शन कॅमेऱ्यातील चिप त्या गणिताच्या वंशजांवरच चालते. ज्ञान खुले होते म्हणून डबी जन्माला आली. जन्माला आल्यावर मात्र डबी बंद झाली!

बुद्धीचा हा हिशेब झाला. श्रमाचा याहून कठोर आहे. गोप्रो स्वतः कारखाने चालवीत नाही. कॅमेरे कंत्राटी उत्पादकांकडून बनवून घेते. २०१२ साली तैवानच्या फॉक्सकॉनने तिच्यात २० कोटी डॉलर गुंतवून ८.८८ टक्के हिस्सा घेतला. याच फॉक्सकॉनच्या शेन्झेनमधील कामगार वसाहतीत २०१० साली एकामागून एक तरुण कामगारांनी इमारतींवरून उड्या टाकल्या होत्या आणि व्यवस्थापनाने इमारतींभोवती जाळ्या बांधल्या होत्या. संवेदक येतात मुख्यतः सोनी कंपनीकडून. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतो भागात भूकंप झाला आणि तेथील सोनीचा संवेदकांचा कारखाना बंद पडला, तेव्हा जगभरच्या कॅमेरा कंपन्यांचे वेळापत्रक कोलमडले. एरवी नजरेआड असलेल्या त्या कामगारांचे अस्तित्व जगाला जाणवण्यास भूकंप व्हावा लागला. बॅटरीतील कोबाल्टचा मोठा भाग येतो काँगोमधून. तेथील हातखाणींत लहान मुलेही राबतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली जगापुढे मांडले होते. अमेरिका व चीन यांच्यात आयातकराचे युद्ध सुरू होताच, २०१९ साली अमेरिकेसाठीचे उत्पादन चीनमधून मेक्सिकोतील ग्वादलाहारा शहरात हलवण्यात आले. यंत्रे हलतात, कंत्राटे हलतात. कामगार मात्र होता तेथेच राहतो.

आणि फळ कोणाच्या पदरात पडले? जून २०१४ मध्ये कंपनीचा शेअर २४ डॉलरला बाजारात आला आणि काही महिन्यांत तिपटीच्याही वर गेला. त्या वर्षी वुडमन यांना मुख्यत्वे शेअरच्या रूपाने मिळालेला मोबदला होता २८ कोटी डॉलरहून अधिक. अमेरिकेतील कंपनीप्रमुखांच्या यादीत त्यांचे नाव अगदी वर होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुमारे १५ टक्के कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा एकपंचमांशाहून अधिक कपात जाहीर झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५ टक्के. २०२५ साली तोच शेअर एका डॉलरच्याही खाली घसरला होता. चढत्या काळात नफ्याचे खाजगीकरण आणि उतरत्या काळात तोट्याचे सामाजीकरण, हा नियम या लहानशा कंपनीच्या इतिहासातही चुकलेला नाही.

पाण्याचे निमित्त

येथवरचे चित्र बहुतेक सर्व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागू पडेल. ॲक्शन कॅमेऱ्याची विशेष गोष्ट आहे ती पाण्याची. डबी चिकटवून का बंद करता, असे विचारले की उत्तर तयार असते: पाणी आत जाऊ नये म्हणून. उत्तर ऐकायला बिनतोड वाटते. त्याची परीक्षा मात्र इतिहासानेच घेतलेली आहे.

१९६३ साली निकॉन कंपनीने ‘निकोनॉस’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. मूळ रचना सागरसंशोधक झाक कुस्तो यांच्या सहकाऱ्यांची. हा कॅमेरा बाहेरच्या कोणत्याही पेटीशिवाय ५० मीटर खोल पाण्यात चाले. त्याच्या सांध्यांत रबराची गोल कडी बसवलेली असत. वापरणारा ती कडी स्वतः काढी, पुसे, तिला ग्रीस लावी व पुन्हा बसवी. जीर्ण झाली तर नवी घाली. चिकटवण्याचा प्रश्नच नव्हता. ही मालिका २००१ पर्यंत चालली आणि तिच्यातील कॅमेरे आजही दुरुस्त करून वापरले जातात. पाणी अडवण्याचे काम मुळात कडीचे व दाबाचे आहे, हे यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

दूर जाण्याचेही कारण नाही. खुद्द गोप्रोचा ‘हीरो ४’ पर्यंतचा मुख्य कॅमेरा पाण्यापुढे साधाच होता. त्याला खटक्याने बंद होणाऱ्या वेगळ्या पारदर्शक पेटीत ठेवले की तो ४० मीटरपर्यंत जाई. पेटीला तडा गेला तर पेटी बदलायची, कॅमेरा शाबूत. २०१६ च्या ‘हीरो ५’ पासून कॅमेऱ्याचे अंगच जलरोधी झाले, ते १० मीटरपर्यंत. वापरणाऱ्याची सोय झाली हे नाकारता येणार नाही. आवाज स्वच्छ येऊ लागला, पेटीचे ओझे गेले. परंतु दुरुस्तीची वाट त्याबरोबर अरुंद झाली.

भिंगावरच्या काचेचे उदाहरण याहून बोलके आहे. ॲक्शन कॅमेऱ्यात सर्वांत आधी ओरखडे पडतात ते या काचेवर. ‘हीरो ५’, ‘६’ आणि ‘७’ मध्ये ती काच वापरणाऱ्याला बदलता येत होती. २०१९ च्या ‘हीरो ८’ मध्ये ती सोय काढून टाकली गेली. काचेला चीर पडली की हजारो रुपयांच्या वस्तूवर पाणी सोडायचे! ग्राहकांनी ओरड केली आणि २०२० च्या ‘हीरो ९’ मध्ये बदलता येणारी काच परत आली. एवढेच नव्हे, तर कॅमेरा १० मीटरपर्यंत जलरोधीही राहिला. पाण्याचा नियम वर्षभरात बदलला नव्हता. बदलला होता तो निर्णय. जी गोष्ट निसर्गाची सक्ती म्हणून सांगितली जाते, ती पुष्कळदा संचालक मंडळाची पसंती असते. हे ओळखणे हीच राजकीय जाणीव होय.

न्यायाने सांगितले पाहिजे की मुख्य ‘हीरो’ कॅमेऱ्यांत बॅटरी झडप उघडून बदलता येते आणि ही सोय कंपनीने टिकवली आहे. पण २०१५ च्या ‘हीरो ४ सेशन’ या धाकट्या भावंडात बॅटरी आतच कोंडलेली होती. लिथियम बॅटरी काही शे वेळा भरली की क्षीण होते, हे रसायनशास्त्र आहे. बॅटरी मेली म्हणजे कॅमेरा मेला, असे ठरवणे हे रसायनशास्त्र नव्हे.

अलीकडे कंपन्यांनी वर्गणीची पद्धत आणली आहे. गोप्रोची वार्षिक वर्गणी भरली, तर मोडलेल्या कॅमेऱ्याच्या बदली ठराविक रक्कम घेऊन दुसरा कॅमेरा मिळतो, वर्षातून दोनदा. वरवर पाहता ही उदारता वाटते. पण दुरुस्तीची जागा अदलाबदलीने घेतली की वस्तूचे ज्ञान कंपनीच्या आवाराबाहेर पडतच नाही. ग्राहक कायमचा वर्गणीदार होतो आणि कारागीर कायमचा बेकार. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेस गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. उरलेल्यातील काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो, जेथे गरीब स्त्रीपुरुष उघड्या हातांनी तारा जाळतात, पट्टे सोलतात. डबी शेवटी उघडली जातेच! फक्त ती कुशल हातांनी, पुन्हा जिवंत करण्यासाठी उघडली जात नाही.

कायद्यातील फट

याविरुद्ध जगात हालचाल सुरू झाली आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. गोप्रोचे मुख्यालय ज्या कॅलिफोर्नियात आहे, तेथे १ जुलै २०२४ पासून एक कायदा अमलात आला. शंभर डॉलर व त्याहून अधिक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपत्रके उत्पादन थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन त्याने घातले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

परंतु याच नियमात एक अपवाद आहे. जी उपकरणे मुख्यतः पाण्याच्या सान्निध्यात वापरण्यासाठी खास बनवलेली व धुण्याजोगी आहेत, त्यांची बॅटरी केवळ स्वतंत्र व्यावसायिकाला काढता आली तरी चालेल. अपवादामागे सुरक्षिततेचा विचार आहे आणि काही वस्तूंच्या बाबतीत तो रास्तही असेल. तरीही धोका उघड आहे. ‘पाणी’ हा शब्द एकदा पळवाट ठरला की उद्या प्रत्येक वस्तू जलरोधी म्हणून जाहीर करण्याची स्पर्धा लागेल. कायदा लिहिणाऱ्याला डबीच्या आतले माहीत नसेल, तर कायदा कंपनीचा अभियंता लिहितो.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळ सुरू केले, आणि मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीचा समितीचा अहवालही सादर झाला. पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र निर्देशांकाचा आरंभीचा भर स्मार्टफोन व टॅब्लेट यांवर आहे. मुख्य म्हणजे निर्देशांक म्हणजे हक्क नव्हे. गुण कमी मिळाले म्हणून कोणत्याही उत्पादकाला सुटे भाग द्यावे लागत नाहीत.

प्रश्न केवळ हौशी गिर्यारोहकांचा असता, तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या बाजारपेठांत बसलेला कारागीर कोणत्याही माहितीपत्रकाशिवाय, भिंग डोळ्याला लावून तुटलेले सांधे डाग देऊन जोडतो. त्याने रेडिओ जिवंत केले, दूरचित्रवाणी संच केले, मोबाइल केले. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या ग्रामीण व दलित-बहुजन तरुणाला भांडवलाविना उभे राहता येईल असे जे थोडे व्यवसाय उरले आहेत, त्यांत हा एक आहे. डबी बंद होते तेव्हा या माणसाचे दार बंद होते. तंत्रज्ञान प्रगत झाले म्हणून तो मागे पडला असे सांगितले जाते. वास्तविक त्याच्या तोंडावर गोंद लावून दार मिटलेले असते.

यंत्र कोणाचे?

गांधीजी यंत्रांचे सरसकट विरोधक होते, असा समज रूढ आहे. १९२४ साली एका तरुण विद्यार्थ्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा मुद्दाम अपवाद केला होता. मग अशी यंत्रे बनवायला विजेवर चालणारा कारखाना लागेल, त्याचे काय, असे विचारले गेले. तेव्हा असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा सरकारी नियंत्रणाखाली असावेत, एवढा समाजवादी आपण आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. शिवणयंत्राचे मोल केवळ त्याच्या उपयोगात नाही. गावचा शिंपी ते उघडू शकतो, तेल घालू शकतो, झिजलेला भाग बदलू शकतो. आजोबांचे यंत्र नातू चालवतो. यंत्र माणसाच्या हाती राहते.

डॉ. लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात आणि पुढेही लहान यंत्राचा आग्रह धरला तो याच दिशेने. त्यांच्या विचारात लहानपण हे सेंटिमीटरमध्ये मोजायचे नव्हते. यंत्रावरची सत्ता किती माणसांत वाटली जाते, हे ते माप होते. या मापाने पाहिले तर मुठीत मावणारा ॲक्शन कॅमेरा फार मोठे यंत्र आहे, आणि गल्लीतल्या कारागिराला उघडता येणारा रेडिओ लहान. आकाराने चिमुकली असलेली प्रत्येक वस्तू विकेंद्रीकरणाची वाहक नसते.

स्वप्नाळूपणाचा आरोप होईल, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगणे आवश्यक आहे. परकीय चलनविषयक कायद्यानुसार भारतातील शाखेतला आपला हिस्सा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये, जनता राजवटीत, ती कंपनी देश सोडून गेली. जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी उद्योगमंत्री होते. आता देशातील संगणक बंद पडणार, असे भाकीत अनेकांनी केले. ते बंद पडले नाहीत. सीएमसी या सार्वजनिक कंपनीने त्यांच्या देखभालीची जबाबदारी घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे चालू ठेवली. पुढे २००१ साली तीच सीएमसी खाजगी हातांत देण्यात आली, हा वेगळा आणि खेदाचा विषय. परंतु परक्याने बनवलेले यंत्रही उघडून, समजून घेऊन, समाजाच्या ताब्यात ठेवता येते, हे त्या वर्षांनी सिद्ध केले.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक सर्व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागू व्हावा आणि त्यातून पाण्याच्या नावाखाली कोणालाही सुटका मिळू नये. जलरोधी वस्तूला फार तर रबरी कडीचा व पाण्याच्या दाबाच्या फेरचाचणीचा नियम घालून द्यावा. सुटे भाग व रचनेचे आराखडे वाजवी दरात कोणत्याही कारागिराला मिळण्याचे बंधन कायद्याने यावे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात या उपकरणांची दुरुस्ती यावी. सरकारी खात्यांनी, पोलिसांनी व विद्यापीठांनी असे कॅमेरे खरेदी करताना दुरुस्तीची हमी ही पहिली अट ठेवावी. कारण सरकार हा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असतो आणि त्याच्या अटी बाजाराला ऐकाव्या लागतात.

या मागण्यांनी भांडवलशाही कोसळणार नाही. काँगोतील मुलगा त्यामुळे खाणीतून लगेच बाहेर येणार नाही आणि ग्वादलाहारातील कामगाराच्या वेतनातही वाढ होणार नाही. पण दोन वर्षे चालणारी वस्तू दहा वर्षे चालली, तर त्या मुलाच्या पाठीवरचे ओझे काही अंशाने हलके होईल. आणि ती वस्तू उघडून पाहणाऱ्याला आत दुसऱ्या माणसांचे श्रम दिसू लागतील. हीरो नावाच्या डबीत एकटा वीर कोठेच नाही. तिच्यात बंगळूरच्या गणितज्ञाची बुद्धी आहे, अंतराळयानांसाठी कर भरणाऱ्या अमेरिकन कष्टकऱ्याचा पैसा आहे, कुमामोतोच्या कामगाराची नजर आहे आणि काँगोच्या मातीचा अंश आहे. इतक्या माणसांनी मिळून केलेली वस्तू उघडण्याचा हक्क माणसांना नसावा, ही व्यवस्था फार काळ सहन करण्याजोगी नाही.